मधुचंद्राला व्हेरोना: तीन रात्री शहरात, दोन द्राक्षमळ्यांत

लग्न ठरलं की हॉल, केटरर, साड्या, पत्रिका यांत महिने निघून जातात आणि मधुचंद्राचं बुकिंग शेवटच्या पंधरवड्यात कुणाच्या तरी ओळखीतल्या एजंटावर सोपवलं जातं. इटली म्हटलं की तो ठरलेलं पॅकेज पुढे करतो: रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान. सात-आठ दिवस, एक दिवसाआड नवं हॉटेल, सकाळी साडेसातला बॅगा लॉबीत. नुकतं लग्न झालेल्या दोघांसाठी मला ही सहल अजिबात पटत नाही. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं पार पाडून दोघंही दमलेली असतात. स्थळ बघून ठरलेलं लग्न असेल, तर दोघांच्या निवांत गप्पाही अजून व्हायच्याच असतात. त्यांना बॅग एकदाच उघडायला लागेल अशी खोली हवी, दुसऱ्या दिवशी ओळखीचे वाटू लागतील असे रस्ते हवेत आणि दुपारी झोप काढली तरी काही चुकलं असं वाटू नये इतका मोकळा दिवस हवा.

म्हणून इटलीत एकच शहर निवडा आणि त्याच्या आसपास राहा. माझी शिफारस व्हेरोना. आदिजे नदीच्या वळणात वसलेलं हे अडीच लाख वस्तीचं शहर मिलान आणि व्हेनिस यांच्या मधोमध, रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. रोमन काळापासूनचे सगळे थर इथे एकमेकांवर जपलेले दिसतात आणि २००० साली युनेस्कोने जुन्या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मुख्य म्हणजे जुनं शहर पूर्ण पायी फिरता येतं. गाडीने अर्ध्या तासावर वालपोलिचेल्ला हा टेकड्यांचा मुलूख लागतो. इटलीतल्या सर्वांत नावाजलेल्या लाल वाइनपैकी एक, आमारोने, तिथे तयार होते. पाच रात्री असतील तर तीन शहरात आणि दोन टेकड्यांवर ठेवा. सहावी रात्र जमली तर तीही टेकड्यांनाच द्या.

कधी जावं

आपल्याकडचे मुहूर्त आणि तिकडचे ऋतू यांचा मेळ घालायला थोडा विचार करावा लागतो. अक्षय्य तृतीयेच्या आसपास किंवा मे महिन्यात लग्न असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. मेचा शेवट आणि जून हा व्हेरोनाचा सुंदर काळ. वालपोलिचेल्लात चेरीची झाडं लगडलेली असतात, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड राहतो आणि जूनच्या मध्याला ऑपेराचा हंगाम सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो, गर्दीही फार असते आणि १५ ऑगस्टच्या सुट्टीच्या आगेमागे बऱ्याच छोट्या खानावळी आणि वाइनरी बंद असतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात हा द्राक्षतोडणीचा काळ. मळे बघायला याहून चांगला वेळ नाही, पण वाइनरीतली माणसं कामात बुडालेली असतात, त्यामुळे भेटीची वेळ खूप आधी ठरवावी लागते.

तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबर-जानेवारीत लग्न करणाऱ्यांना लोक सांगतात की हिवाळ्यात इटलीत काय आहे. थंडी असते, पो नदीच्या मैदानातलं धुकं कधी दिवसभर हटत नाही आणि वेली उघड्याबोडक्या असतात, हे खरं. पण हॉटेलं स्वस्त मिळतात, चौकांत गर्दी नसते आणि आमारोनेसाठी वाळत घातलेली द्राक्षं याच दिवसांत माळ्यांवर असतात. ती बघायची असतील तर जानेवारीचा पहिला पंधरवडा गाठा, कारण त्यानंतर हळूहळू ती गाळपाला जातात.

एक सावधगिरी एप्रिलसाठी. व्हिनइटाली हा वाइन व्यवसायाचा प्रचंड मोठा मेळा दरवर्षी वसंतात व्हेरोनातच भरतो. त्या चार दिवसांत शहरात खोली मिळत नाही आणि मिळालीच तर दाम दुपटीने मोजावे लागतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या मेळ्याच्या तारखा बघून घ्या.

कागदपत्रं आणि प्रवास

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, त्यामुळे अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येक आठवडे जातात. लग्नाची तारीख ठरली की याद्या करायच्या आधी हे काम हातात घ्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, त्यात दोन कोरी पानंही हवीत.

नवविवाहितांचा खास घोळ नावावरून होतो. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हा सर्वस्वी तिचा प्रश्न. पण बदलायचंच असेल तर ते काम सहलीवरून आल्यावर करा. पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं तिकीट या तिन्हींवर अक्षरशः एकच नाव हवं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असली तरी व्हिसाला काही अडत नाही. एकाच्या खर्चावर दुसरा जाणार असेल तर नातं दाखवावं लागतं, म्हणून विवाह नोंदणी लगेच उरकून प्रमाणपत्र जवळ ठेवा.

मुंबईहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून मिलान किंवा व्हेनिस गाठणं सोयीचं. मिलानच्या माल्पेन्सा विमानतळावरून रेल्वेने मध्यवर्ती स्थानक आणि तिथून वेगवान गाडीने सव्वा तासात व्हेरोना पोर्ता नुओव्हा. व्हेनिसहूनही साधारण तेवढाच वेळ लागतो. वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. प्रादेशिक गाड्यांचे दर ठरलेलेच असतात. मात्र त्यांचं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, तो नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. सामान दोघांत मिळून दोन मध्यम बॅगा एवढंच असू द्या. दगडी फरसबंदीवर चाकाची मोठी बॅग ओढणं हे भांडणाचं हमखास कारण आहे.

शहरात राहताना खोली जुन्या गावात घ्या किंवा नदीपलीकडच्या व्हेरोनेत्ता भागात. तिथे विद्यापीठ आहे, वस्ती तरुण आहे आणि दर थोडे उतरते. बुकिंग करताना ‘मात्रिमोनियाले’ पलंग हवा असं स्पष्ट लिहा, नाहीतर दोन सुटे पलंग जोडून दिलेली खोलीही मिळू शकते. हॉटेलात माणशी, रात्रीगणिक एक छोटा पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो.

शहर: पायाखाली बघत चला

व्हेरोनाची पहिली संध्याकाळ पियात्सा ब्रा या मोठ्या चौकात घालवा आणि इमारतींकडे मान वर करण्याआधी खाली बघा. इथली फरसबंदी वालपोलिचेल्लाच्या लालसर-गुलाबी चुनखडी दगडाची आहे. हा दगड करोडो वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झाला. पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर ठळक गोल वेटोळी दिसतात, काही तळहाताएवढी, काही ताटाएवढी. ते अमोनाइट या नामशेष झालेल्या सागरी जीवांचे जीवाश्म आहेत. शहरभर लोक त्यांच्यावरून चालत असतात. पुढचे तीन दिवस कोण आधी वेटोळं शोधतं हा खेळ दोघांत आपोआप सुरू होतो.

त्याच चौकात अरेना उभं आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं रोमन रंगस्थान. १११७च्या भूकंपात त्याची बाहेरची भिंत कोसळली, तिच्या फक्त चार कमानी उरल्या. आतलं अंडाकृती रंगस्थान मात्र शाबूत राहिलं आणि १९१३ साली, वेर्दीच्या जन्मशताब्दीला, तिथे ‘आइडा’ हा त्याचा ऑपेरा झाला. तेव्हापासून, महायुद्धांची वर्षं सोडली तर, इथला उन्हाळी ऑपेरा चालत आला आहे. तुम्ही हंगामात गेलात तर एक रात्र याला द्याच. ऑपेरा कळत नाही म्हणून कचरू नका. कथानक दुपारी वाचून जा आणि पहिल्यांदा ‘आइडा’ किंवा ‘कार्मेन’ निवडा, कारण त्यांत समूहदृश्यं भव्य आहेत आणि कानाला लगेच पकडणाऱ्या चालीही.

महागड्या खुर्च्यांपेक्षा वरच्या दगडी पायऱ्यांवरची स्वस्त जागा मला अधिक आवडते. दिवसभर उन्हात तापलेला दगड रात्री अकरापर्यंत ऊब सोडत असतो. तिथे बसायला उशी लागतेच, ती भाड्याने मिळते. पायऱ्यांवर जागेचा क्रमांक नसेल तर दार उघडण्याआधी रांगेत उभं राहा. अंधार पडला की प्रेक्षकांनी हातात छोट्या मेणबत्त्या पेटवायच्या अशी इथली जुनी परंपरा आहे. काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, पातळ शाल मात्र न्या. प्रयोग मध्यरात्र उलटून संपतो, म्हणून हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर हवं. पावसाचा नियमही माहीत असू द्या: प्रयोग सुरू होऊन मग पावसाने थांबला तर तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

आता ज्युलिएटचं घर. इथे येणारं प्रत्येक जोडपं तिकडे जातं, म्हणून खरं काय ते सांगते. व्हिया काप्पेल्लो रस्त्यावरचं ते मध्ययुगीन घर खरं आहे, पण तो प्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकात, नूतनीकरणाच्या वेळी बसवलेला आहे. अंगणातला कांस्य पुतळा १९७२चा. लोकांच्या स्पर्शाने तो झिजला, तेव्हा २०१४ साली मूळ पुतळा आत हलवून बाहेर प्रतिकृती ठेवली. शेक्सपिअरच्या आधीच, सोळाव्या शतकात, लुईजी दा पोर्तो या इटालियन लेखकाने ही गोष्ट व्हेरोनात घडवली होती. एवढं माहीत असूनही जावंसं वाटत असेल तर सकाळी उघडताक्षणी जा. अकरानंतर त्या चिंचोळ्या अंगणात फोटोसाठी ढकलाढकली चालते आणि तुम्हाला एकमेकांचा हात धरायलाही जागा उरत नाही.

त्यापेक्षा सूर्यास्ताआधी तासभर पोन्ते पिएत्रा पुलावर जा. हा रोमन पूल १९४५च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवून दिला. युद्धानंतर व्हेरोनाच्या लोकांनी नदीच्या पात्रातून दगड वर काढले आणि ते जुळवून १९५९पर्यंत पूल पुन्हा उभा केला. जवळ उभं राहून बघितलं तर पांढरे रोमन चिरे आणि त्यांना जोडणारं लाल विटांचं काम वेगवेगळं ओळखता येतं. पुलापलीकडून पायऱ्यांनी किंवा छोट्या केबल रेल्वेने कास्तेल सान पिएत्रोच्या टेकडीवर चढा. खाली नदीचं वळण, लाल कौलं, घंटाघरं. तिथे तिकीट नाही, घाई नाही, दोघांनी कठड्यावर बसायचं.

बाकी बघण्यात पियात्सा देल्ले एर्बे या बाजारचौकातला ८४ मीटर उंच लाम्बेर्ती मनोरा आहे (लिफ्ट आहे). शेजारच्या चौकात दान्तेचा पुतळा आहे. फ्लॉरेन्समधून हद्दपार झाल्यावर या कवीला व्हेरोनाच्या स्कालिजेरी घराण्याने आश्रय दिला होता. कास्तेलवेक्किओ हा चौदाव्या शतकातला किल्ला आता संग्रहालय आहे. १९६४ साली कार्लो स्कार्पा या वास्तुविशारदाने त्याचं जे रूप घडवलं ते जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी अभ्यासायला येतात. थोडं बाजूला, म्हणून कमी गर्दीचं, सान झेनो चर्च. त्याच्या दाराला कांस्याचे ४८ चौकोनी फलक आहेत आणि आतल्या वेदीवर मान्तेन्या या चित्रकाराचं अनेक फलकांचं चित्र. नेपोलियनच्या काळात ते फ्रान्सला नेलं गेलं. मुख्य चित्रं परत आली, खालचे तीन छोटे फलक मात्र फ्रान्समध्येच राहिले, इथे त्यांच्या नकला आहेत. एवढं सगळं बघायचंच असा हट्ट नको. व्हेरोना कार्ड घेतलं तर बहुतेक ठिकाणं आणि शहरबस त्यात येतात. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात, तो दिवस टेकड्यांसाठी ठेवा.

खाणं

व्हेरोनाच्या जेवणात मांस बरंच आहे, त्यातलं काही आपल्याला अनोळखी. मेनूवर ‘कावाल्लो’ लिहिलं असेल तर ते घोड्याचं मांस आणि ‘आझिनो’ म्हणजे गाढवाचं. दोन्ही इथे जुने, पारंपरिक पदार्थ आहेत. बदकाच्या रस्स्यातला ‘बिगोली’ हा जाड शेवयांसारखा पास्ता मांसाहार करणाऱ्यांनी चाखावाच.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, फक्त प्रश्न नेमका विचारायला हवा. रिसोत्तोमध्ये मांस दिसत नसलं तरी तो अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून ‘ब्रोदो’ कशाचा आहे हे विचारा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. लोणी-सेजची पानं घातलेले न्योक्की, मशरूम आणि मोन्ते व्हेरोनेझे चीजबरोबर पोलेन्ता, भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, हिवाळ्यात भाजलेलं रादिक्किओ हे सहज मिळतं. आमारोने घालून केलेला जांभळट रिसोत्तो ही इथली खासियत. त्याला लागणारा वियालोने नानो हा आखूड तांदूळ शहराच्या दक्षिणेला इझोला देल्ला स्काला गावाभोवती पिकतो. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सहसा कुठे मिळत नाही. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लावतात, ती फसवणूक नसून रीत आहे, आणि वेगळी टिप देण्याचं बंधन नसतं. गोडात पांदोरो विसरू नका. नाताळचा हा ताऱ्याच्या आकाराचा केक व्हेरोनाचाच, दोमेनिको मेलेगात्ती याने १८९४ साली त्याचं पेटंट घेतलं होतं.

वालपोलिचेल्ला

चौथ्या दिवशी सकाळी बॅग भरा आणि टेकड्यांकडे निघा. नेग्रार, मारानो, फुमाने, सान पिएत्रो इन कारियानो आणि सान्त आम्ब्रोजो ही या मुलखाच्या मूळ भागातली गावं. शहरातून बस जाते, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी त्याहून कमी. गाडी भाड्याने घ्यायची तर भारतीय परवान्याबरोबर आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. शहराच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस घरी आल्यावर मिळते, म्हणून गाडी शहर सोडताना घ्या. वाइन चाखायच्या दिवशी मात्र स्वतः गाडी चालवू नका. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, आणि परवाना तीन वर्षांहून नवा असेल तर शून्य. अर्ध्या दिवसासाठी गाडी-चालक ठरवा, हॉटेल किंवा वाइनरी लावून देते. खर्च वाटेल, पण दोघांनाही निवांत बसता येतं.

राहायला ‘आग्रितुरिझ्मो’ शोधा, म्हणजे शेतकऱ्याच्याच मळ्यातलं घर, जिथे चार-सहा खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतात. न्याहरीला घरचं चीज, जॅम, चेरीच्या दिवसांत चेरी. तिथे पोचण्याआधी रात्रीच्या जेवणाची सोय विचारून घ्या, कारण संध्याकाळी आसपास दुकान नसतं आणि टॅक्सीही चटकन मिळत नाही.

नाशिक-सांगलीकडच्या माणसाला इथे एक ओळखीची गोष्ट भेटेल. युरोपात बहुतेक ठिकाणी वेली तारांवर सरळ उभ्या वाढवतात, पण वालपोलिचेल्लाच्या जुन्या बागांत आपल्यासारखाच मांडव असतो, घड डोक्यावर लोंबत असतात. टेकड्यांवर सुक्या दगडांच्या ताली बांधून पायऱ्या केलेल्या आहेत, त्यांच्या कडेला ऑलिव्ह आणि चेरी.

आमारोने समजून घ्यायची तर एखाद्या वाइनरीचा माळा बघायला हवा. सप्टेंबरअखेर कोर्व्हिना, कोर्व्हिनोने आणि रोन्दिनेल्ला या जातींचे निवडक घड हाताने तोडतात. घट्ट, दाटीचा घड इथे चालत नाही, मण्यामण्यातून वारा खेळला पाहिजे. हे घड बांबूच्या किंवा लाकडी ताटव्यांवर एकेरी थरात मांडून हवेशीर माळ्यावर साधारण तीन ते चार महिने ठेवतात. जानेवारीत अशा माळ्यावर उभं राहिलं की आधी वास येतो, सुकत्या आलुबुखारासारखा, मागे किंचित मधाचा. ताटवे छतापर्यंत रचलेले. जवळून बघितलं तर मणी देठाकडून आधी सुरकुतलेला असतो, टोकाला अजून थोडा फुगीर. दाबला तर साल बोटाला चिकटते आणि आतला रस दाट, जवळजवळ पाकासारखा. माणसं सतत फिरून बुरशी लागलेले मणी काढून टाकत असतात. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये रॅकवर द्राक्ष दोन-तीन आठवड्यांत वाळतं, कारण हवा गरम आणि कोरडी असते. इथे थंडीत ते अतिशय सावकाश सुकतं आणि वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गमावतं. मग गाळप, हळू आंबवणं आणि विक्रीआधी किमान दोन वर्षं मुरवणं. साखर जवळपास सगळी आंबत असल्याने वाइन कोरडी आणि कडक होते. नियमाने १४ टक्के अल्कोहोल किमान लागतं, प्रत्यक्षात १५-१६ सर्रास असतं.

यावरून बाटलीची किंमतही कळते. तेवढ्याच द्राक्षांत साध्या वाइनच्या कितीतरी जास्त बाटल्या झाल्या असत्या. चांगली आमारोने तिथेही तीस युरोंच्या आसपास सुरू होते.

वाइनरीला भेट द्यायची तर ईमेलने वेळ घ्या, वाटेत दिसली म्हणून आत शिरता येत नाही. दिवसाला दोन पुरे, एक सकाळी आणि एक दुपारच्या जेवणानंतर. मोठ्या नावापेक्षा घरातल्याच माणसांनी चालवलेली छोटी वाइनरी निवडा, तिथे मळा दाखवणाराच ग्लास भरतो आणि प्रश्नांना मनापासून उत्तरं देतो. चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे असतो: आधी ताजी वालपोलिचेल्ला, मग आमारोनेच्या चोथ्यावर पुन्हा आंबवलेली रिपास्सो, मग आमारोने आणि शेवटी गोड रेचोतो. सगळं गिळायची गरज नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं हा तिथला शिष्टाचारच आहे. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि आमारोनेला सुट्टीतल्या बिअरसारखं समजू नका.

दोघांतला एक जण पीत नसेल, तर तो प्रश्न मुंबईतच बोलून घ्या. नव्या लग्नात ‘आता एवढ्यावर एक घोट घेच’ असा लाडिक आग्रह फार सहज होतो आणि समोरचा माणूस नाही म्हणायला बिचकतो. एकदा नाही म्हटलं की ते नाहीच. वाइनरीत एकासाठीच चाखणी सांगितली तरी कुणी भुवया उंचावत नाही. माळा, तळघर, मळा यांतली मौज ग्लासावर अवलंबून नसते आणि बऱ्याच ठिकाणी घरचं ऑलिव्ह तेल पावाबरोबर चाखायला देतात. तसंच ग्लास हातात घेतलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी एकमेकांना विचारा. सासरचा ग्रुप तिला अजून पुरता ओळखीचा नाही, माहेरचा त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सान जोर्जो दि वालपोलिचेल्लाला चढा. दगडी घरांचं हे छोटं गाव उंचावर आहे आणि तिथल्या प्राचीन चर्चमध्ये आठव्या शतकातलं, लोम्बार्ड राजा लिउतप्रांदच्या काळातलं कोरीव छत्र जपलेलं आहे. चर्चच्या मागे गेलात की दूर गार्दा सरोवराचं पाणी चमकताना दिसतं. खाली गार्गान्यागोमध्ये सेरेगो अलिगिएरी नावाची इस्टेट आहे. दान्तेचा मुलगा पिएत्रो याने ती १३५३ साली विकत घेतली आणि तिच्याशी त्या घराण्याचं नातं आजही टिकून आहे. तिथल्या वाइनचीही चाखणी होते.

पांढरी वाइन आवडत असेल तर पूर्वेला सोआवे गाव आहे, २४ बुरुजांच्या तटबंदीतलं, वर किल्ला. रेल्वेने सान बोनिफाचिओपर्यंत आणि पुढे थोडं अंतर बस किंवा टॅक्सीने. अर्धा दिवस पुरतो. गार्दा सरोवराला जायचं तर पेस्किएरा रेल्वेने पाव तासावर आहे. व्हेनिसचा मोह होईल. दिवसभरात जाऊन येता येतं, पण तुमच्याकडे पाचच रात्री असतील तर मी म्हणेन, नको. व्हेनिस पुढच्या खेपेला, तिथे रात्री राहण्याच्या बेतानेच करा.

बाटल्या घरी आणताना

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलीटरच्या दोन बाटल्या एकाच्या आणि दोन दुसऱ्याच्या नावावर. त्या चेक-इन बॅगेत, बॅगेच्या मध्यभागी, जाड कपड्यांत गुंडाळून ठेवा. आधाराला हवेची वेष्टनं वाइनरीत मागितली तर देतात. वाइनरीतून किंवा शहरातल्या दुकानातून घेतलेली बाटली हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीतून पुढे जात नाही. पावती जपून ठेवा.

आमारोने वर्षानुवर्षं टिकते, असं तिथे प्रत्येक जण सांगेल, आणि ते तिथल्या थंड तळघराबाबत खरंच आहे. पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या फडताळात ती टिकणार नाही. वाइनचा फ्रिज नसेल तर लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी जपायचा बेत सोडा. बाटली आडवी, अंधारात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा, उन्हाळा लागायच्या आत उघडा आणि उघडल्यावर तासभर मोकळी राहू द्या. सोबत जुनं, खारं चीज आणि अक्रोड असले की पुरे.